आर्किऑलॉजी करायचंय? मग आधी खापरांशी जमतंय का बघा

आर्किऑलॉजी म्हणजे पुरातत्त्व करायचंय असं म्हणणारं कोणी भेटलं की मी आधी एकच उलटा प्रश्न विचारते, की बाबा तुला नक्की काय सापडावंसं वाटतं? बहुतेकांचं उत्तर मूर्ती, नाणी, तलवार, गेला बाजार एखादा सांगाडा असं असतं. खापर असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आणि पुढची दोन वर्षं हातात पडणार ते खापरच, म्हणजे फुटक्या मडक्याचे तुकडे, ते पण धुवायचे, वाळवायचे, नंबर टाकायचे, पोत्यात भरायचे आणि परत दुसरं पोतं सोडायचं. हे वाचून ज्यांचा मूड गेला त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, खरंच सांगते, वेळ वाचेल.

मी स्वतः बी.कॉम. करून या फील्डमध्ये आले. घरी 'दगडधोंड्यांत काय करिअर' हे सगळं यथासांग ऐकून झालं. पण मुद्दा हा की कुठल्या शाखेतून आलात याने फारसं अडत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला एम.ए.ला कॉमर्सवाले, सायन्सवाले, इंजिनिअर सगळे असतात, उलट बॉटनी किंवा जिऑलॉजी केलेल्याला पुढे जास्त भाव येतो, का ते खाली येईलच. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा विभाग आहे, बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात आहे, आणि एम.ए. झाल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतःची इन्स्टिट्यूट ग्रेटर नोएडाला आहे तिथला डिप्लोमा करता येतो. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात त्यामुळे त्या त्या वेबसाइटवर बघा, कोणा सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धं काम झालं. वस्तू काय आहे यापेक्षा ती कुठे, कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती हे महत्त्वाचं. पुस्तकात याला संदर्भ म्हणतात, साईटवर सगळे कॉन्टेक्स्टच म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं पण खरं वजन कळायला महाराष्ट्रातल्याच दोन साईट शेजारी ठेवून बघा, दायमाबाद आणि इनामगाव.

दायमाबाद प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७४ साली तिथल्या एका गावकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. रथच जवळजवळ ४५ सेंटिमीटर लांब, आणि चारही मिळून वजन ६० किलोच्या वर. एवढं ब्राँझ, एवढी कारागिरी, असं काही महाराष्ट्रात दुसरीकडे मिळालेलं नाही. कोणीही म्हणेल की यावरून त्या काळच्या समाजाबद्दल केवढं कळलं असेल! पण झालं असं की त्या वस्तू शास्त्रीय उत्खननात निघाल्या नाहीत, खणताना निघाल्या. मग त्या कुठल्या थरातल्या? नंतर एस. ए. साळींनी १९७५ ते ७९ तिथे उत्खनन केलं आणि त्या उत्तर हडप्पा (उत्तर म्हणजे इथे दिशा नाही, नंतरचा) काळातल्या असाव्यात असं मांडलं, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या. डी. पी. अग्रवालांनी धातूचं पृथक्करण पुढे केलं की यात आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आहे, त्या काळच्या बाकीच्या तांब्याच्या वस्तूंत असं दिसत नाही, तेव्हा या बऱ्याच नंतरच्या असतील. ही चर्चा झाली ती झालीच, सगळ्यांना पटेल असा निकाल काही लागला नाही. म्हणजे बघा, आपल्याकडची सगळ्यात देखणी वस्तू, आणि ती वापरणारी माणसं कोण, राजा होता का, देवाची मिरवणूक होती का, का कोणाच्या घरची खेळणी, यातलं काहीही छातीठोकपणे सांगता येत नाही. (खेळणी वाटत नाहीत, चार मिळून ६० किलोची खेळणी कोण ओढणार, पण तेही माझं मत झालं.)

याउलट इनामगाव. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे डेक्कन कॉलेजने खणलं, सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. डोळे दिपतील असं फारसं काही नाही. मातीच्या भिंतींची घरं, चुली, राख, धान्याचे जळके दाणे, जनावरांची हाडं, खापरं, खापरं आणि खापरं. पण इ.स.पू. साधारण १६०० ते ७०० अशा नऊशे वर्षांतल्या शेतकरी गावाबद्दल आपल्याला जेवढं माहितीये तेवढं भारतातल्या फार थोड्या जागांबद्दल माहितीये, कारण प्रत्येक तुकडा कुठे होता ते लिहून ठेवलंय. शंभराहून जास्त घरं, दोनशेहून जास्त दफनं. पहिला माळवा संस्कृतीचा काळ, मग पूर्व म्हणजे आधीचा जोर्वे, मग उत्तर म्हणजे नंतरचा जोर्वे, आणि हे जोर्वे म्हणजे संगमनेरजवळचं गाव, तिथे १९५०-५१ मध्ये ही तांबूस रंगावर काळी नक्षी असलेली पातळ, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी खापरं पहिल्यांदा नीट ओळखली गेली म्हणून ते नाव.

तर इनामगाव काय सांगतं. पूर्व जोर्वे काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते १०००, घरं चौकोनी आणि बऱ्यापैकी मोठी, ओळीत बांधलेली, मधे रस्ता सोडलेला. गावाच्या साधारण मध्यावर एक पाच खोल्यांचं घर, बाकी कोणाचं एवढं नाही, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारा असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत. नदीकडून पाणी वळवायला पाट खोदलेला आणि त्याला बांध. पीक मुख्यतः बार्ली म्हणजे सातू, जोडीला गहू, मसूर, वाटाणा. यावरून ढवळीकरांनी मांडलं की गावाला मुखिया होता, तो पाच खोल्यांच्या घरात राहायचा, धान्य त्याच्याकडे गोळा व्हायचं, पाट खोदायला माणसं तोच लावत असणार.

इथे थांबा. नवीन मुलांना मी हा पॅरा परत वाचायला लावते आणि पेन्सिलीने खुणा करायला सांगते, की यात दिसलेलं काय आणि ताडलेलं काय. पाच खोल्या दिसल्या. कोठार दिसलं. पाट दिसला. मुखिया दिसला नाही, तो ताडलाय. धान्य कर म्हणून जमा होत होतं का सगळ्या गावाचं सामायिक होतं का देवाचं होतं, हे कोठार स्वतःहून सांगत नाही. मुखियाचा अंदाज वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, चांगला आहे, आणि त्याला दुसरीकडून आधारही मिळतो. त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट फुगीर असलेला मोठा मातीचा रांजण निघाला आणि आत साधारण चाळिशीचा पुरुष, पाय दुमडून बसवलेला. बाकीची मोठी माणसं सहसा जमिनीत उताणी, उत्तर-दक्षिण पुरलेली, आणि घोट्याखाली पावलं तोडलेली! या रांजणातल्या माणसाची पावलं मात्र शाबूत. म्हणजे कोणीतरी वेगळा, मानाचा माणूस होता हे आता बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. घर, कोठार आणि दफन अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच जागी येऊन एकच सांगतात तेव्हा अंदाजाला बळ येतं. एकट्या वस्तूवर इमला बांधला की तो दायमाबादसारखा डुगडुगतो.

पावलं का तोडत असतील? पुस्तकात सापडेल की मेलेला माणूस भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून. मला हे पटतं पण सिद्ध कसं करणार, त्यांनी लिहून थोडंच ठेवलंय. तोडलेली पावलं हा पुरावा, भूत हा आपला अंदाज. परीक्षेत दोन्ही लिहा पण वेगवेगळ्या वाक्यांत लिहा, मार्क त्याचेच असतात. आणि लहान मुलांचं तर बघाच, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि ते घराच्या जमिनीखालीच पुरायचं. घराबाहेर नाही, गावाबाहेर नाही, जिथे आई स्वयंपाक करते, झोपते तिथेच. अशी दफनं खूप आहेत, त्यावरून बालमृत्यू किती होते ते कळतं, आणि त्या आयांना काय वाटत असेल ते आपापल्या मनात येतंच, फक्त ते रिपोर्टात लिहायचं नसतं.

एक मूर्तीही आहे तिथली, मूर्ती आवडणाऱ्यांसाठी सांगते. घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी, आत कच्च्या मातीची बिनडोक्याची स्त्री आणि जोडीला बैल, झाकणावर आणखी एक स्त्री, तिला डोकं आहे. आतल्या बाईच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, काडी घालून ती बैलावर बसवता येते. दिसायला अगदी ओबडधोबड, म्युझियममध्ये लोक पुढे निघून जातात. पण भाजलेली नाही, डबीत बंद करून पुरलेली, राहत्या घरात, या सगळ्यावरून हा घरगुती विधी असणार इतपत म्हणता येतं, आणि हीच मूर्ती कुठल्यातरी डीलरच्या दुकानात मिळाली असती तर 'मातृदेवता, काळ अज्ञात' एवढीच चिठ्ठी लागली असती.

मग इ.स.पू. १०००च्या आसपास चित्र बदलतं. उत्तर जोर्वेत मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात, खापरं जाडीभरडी होतात, शेती मागे पडते आणि हरणासारख्या शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. तापी आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली गावं तर तेव्हाच उठलेली दिसतात, भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारखी थोडी इ.स.पू. ७०० पर्यंत तग धरून राहिली. ढवळीकरांचं म्हणणं पाऊस कमी झाला, दुष्काळी हवामान आलं, लोक शेती सोडून मेंढरांमागे गेले. बरीच वर्षं हेच शिकवलं जायचं. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग या हाडांच्या अभ्यासक, त्यांनी याच दफनांमधल्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास केला आणि कोरड्या हवामानाच्या स्पष्टीकरणाला आव्हान दिलं. गंमत ही आहे की त्यासाठी नवीन उत्खनन लागलं नाही, हाडं आधीच निघालेली होती, नीट नोंदलेली होती, नवीन प्रश्न घेऊन कोणीतरी परत त्यांच्याकडे गेलं. म्हणून म्हणते, 'आता सगळं शोधून झालंय, आमच्यासाठी काय उरलं' असं वाटणाऱ्यांनी एकदा स्टोअररूममधली पोती बघून यावीत.

बॉटनी-जिऑलॉजीवाल्यांना भाव का, तर यामुळे. जळके दाणे ओळखायला बॉटनी, थर समजायला जिऑलॉजी, हाडं वाचायला अॅनाटॉमी. साईटवर माती पाण्यात कालवतात, दाणे हलके म्हणून वर तरंगतात, ते गाळून घेतात, या कामाला फ्लोटेशन म्हणतात आणि कंटाळवाणं आहे. पण सातू आणि गहू कळले ते असल्याच बारीक कामातून. डीएनएचं सध्या सगळ्यांना आकर्षण आहे, तर तेही ऐका. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा साईटचा २०१९ साली 'सेल' या जर्नलमध्ये आलेला पेपर, त्यात साठेक नमुने तपासले आणि डीएनए वाचता आला तो एकाच बाईचा. आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए टिकतच नाही फारसा. त्या एका बाईवरून व्हॉट्सअॅपवर दोन्ही बाजूंनी जे काय ठोकून दिलं जातं ते वाचताना पेन्सिलीची खूण आठवा, दिसलेलं काय, ताडलेलं काय.

आता कॅम्पबद्दल. हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि ऊन अंगावर यायला लागलं की संपतो. अंधारात उठायचं, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात थर चांगले दिसतात आणि फोटो चांगले येतात. ट्रेंच चौकोनी आखलेला असतो, दोन ट्रेंचच्या मधे न खणलेली भिंत सोडतात तो बाल्क, त्याच्या कडेवर पाय द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ओरडून सांगतात. त्या कडेत सगळे थर एकावर एक दिसतात आणि ती ढासळली की पुरावा गेला. थर दिसत नसतील तर सेक्शन, म्हणजे ट्रेंचची उभी कापलेली बाजू, खरडून हलकं पाणी मारायचं, मग रंगाचे फरक उठून येतात, राखेचा करडा, भिंत पडल्याचा पिवळट. दुपारी मांडवाखाली खापरं धुणं. नक्षी असलेली घासायची नाहीत. वाळली की प्रत्येकावर बारीक अक्षरात साईटचं नाव, ट्रेंच, थर. अक्षर वाईट असेल तर आत्तापासून सुधारा, हा जोक नाही.

आणि गावातून कामाला येणाऱ्या माणसांशी नीट वागा. वर्षानुवर्षं साईटवर काम केलेल्या मावशी-काकांच्या हाताला मातीतला फरक आपल्या आधी कळतो. एका साईटवर आम्ही सगळे एका लालसर भाजक्या गोल खड्ड्याकडे बघून भट्टी का काय म्हणून चर्चा करत होतो आणि घमेलं घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "अगं ताई, चूल हाय ती, वाऱ्याकडची बाजू बघ की उंच केलीया." त्यांच्या घरी तशीच होती. खरंच चूल निघाली. याच मावशी पहिल्या दिवशी विचारत होत्या की सोनं घावलं का, आणि तो प्रश्न तुम्हाला आयुष्यभर येणार आहे, रिक्षावाल्यापासून लग्न जमवणाऱ्या काकूंपर्यंत, त्याला हसून उत्तर द्यायची सवय लावून घ्या.

एक्सप्लोरेशनला, म्हणजे गावोगाव फिरून साईट शोधायला गेलात तर 'इथे जुनं काही आहे का' असं विचारू नका, लोक देवळाकडे बोट दाखवतात. 'पांढरीचं टेकाड कुठंय' विचारा. जुन्या वस्तीची माती राखेनं, शेणानं, पडलेल्या भिंतींनी पांढरट होते, शेतकऱ्यांना ती अचूक माहीत असते कारण ती खत म्हणून शेतात नेऊन टाकतात. हेच आपलं दुखणं पण आहे, ट्रॉलीने टेकाडं संपतायत, पण त्या माणसावर चिडून उपयोग नाही, त्याला पीक काढायचंय. नुसती वर पडलेली खापरं बघा, फोटो काढा, जागा लिहून ठेवा. खणू मात्र नका, उत्खननाला परवानगी लागते, आणि जमिनीत काही सापडलं तर १८७८चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा आणि १९७२चा पुरावस्तू कायदा दोन्ही लागू होतात. खिशात घालून घरी शोकेसमध्ये ठेवलेली वस्तू आपल्या सगळ्यांसाठी दायमाबादच्या रथाहून वाईट अवस्थेत जाते, त्या रथाला निदान सापडल्याचं गाव तरी होतं.

कोकणातल्या मुलांना सांगायचं तर तुमच्याकडे कातळशिल्पं आहेत, रत्नागिरीकडच्या हौशी मंडळींनीच सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पायपीट करून यातली कित्येक उजेडात आणली, आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळची कातळशिल्पं आहेत. पण उघड्या सड्यावर थर नाहीत, वस्ती नाही, त्यामुळे काळ ठरवणं महाकठीण, परत तोच कॉन्टेक्स्टचा प्रॉब्लेम. विदर्भवाल्यांकडे उलटं, तिथे शिलावर्तुळं म्हणजे दगडांची गोल थडगी भरपूर, माहुरझरीला घोड्यांचे तांब्याचे साज निघालेत, नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी निघाली, पण राहती घरं थडग्यांच्या मानाने फार कमी उकरली गेलीत. ती माणसं मेल्यावर काय व्हायचं ते आपल्याला जास्त माहितीये आणि सकाळी काय खायची ते कमी. कोणाला पीएच.डी.चा विषय हवा असेल तर घ्या, फुकट देते.

नोकरीचं शेवटी लिहितेय कारण आधी लिहिलं असतं तर कोणी पुढे वाचलं नसतं. पुरातत्त्व सर्वेक्षणात यूपीएससी आणि एसएससीमार्फत जागा निघतात पण नियमित नाही. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, तिथेही तीच गत. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट, नेटला आर्किऑलॉजी हा वेगळा विषय आहे. त्याशिवाय म्युझियम, हेरिटेज कन्सल्टन्सी, प्रोजेक्टवर असिस्टंट, हेरिटेज वॉक. प्रोजेक्टचे पैसे कधीकधी इतके उशिरा येतात की आपण काम केलं होतं हेच विसरायला होतं, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं घरून थोडा आधार किंवा जोडधंदा असेल तर बरं. एम.ए. चालू असतानाच क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर), टोटल स्टेशन (साईट मोजायचं यंत्र) आणि खापराचं ड्रॉइंग हे तीन हातात बसवून घ्या, निदान माझ्या ओळखीत तरी नुसत्या मार्कांवर कोणाला काम मिळालेलं नाही, ड्रॉइंग येतं म्हणून मात्र मिळालंय. लिप्या शिकायच्या असतील तर ब्राह्मी आणि मोडी, दोन्हीचे वर्ग पुण्या-मुंबईत चालू असतात.

आणि अॅडमिशन घ्यायच्या आधी एकदा डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघून या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाणं झालं तर तिथलं लामतुरे म्युझियम बघा, तिथे सातवाहन काळातलं काय काय आहे आणि रोमशी व्यापार होता म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. कपाटातली मूर्ती बघून झाली की खालच्या फळीवरची फुटकी खापरं पण बघा, तिथे किती वेळ उभं राहावंसं वाटतं त्यावरून तुमचं तुम्हालाच कळेल फॉर्म भरायचा का नाही.